‘पुरे’ची रेघ : घरखर्चाकडे पाहण्याची एक ख्रिस्ती रीत

पगार झाला की पहिल्या आठवड्यात वाणसामान, दूधवाला, शाळेची फी, विजेचे बिल, घराचा किंवा दुचाकीचा हप्ता. दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी लग्नाचा आहेर. तिसऱ्या आठवड्यात औषधे. चौथ्या आठवड्यात शेजारणीकडून पाचशे रुपये. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला महिना असाच सरतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो. पण गंमत अशी, की अंथरूण थोडे लांब झाले की पायही तेवढेच लांब होतात आणि पुन्हा उघडेच राहतात. पंधरा हजारांत जे घर ओढाताण करत होते, तेच घर तीस हजारांतही ओढाताणच करते. असे का व्हावे?

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. जमाखर्च, बचत, गुंतवणूक हे शब्द रोज तोंडात असतात. माझा जन्म बेळगावातल्या मराठी मेथॉडिस्ट कुटुंबातला. त्यामुळे हेच शब्द मी रविवारच्या उपासनेतही ऐकत आले, पण तिथे त्यांचा सूर थोडा वेगळा असतो. पुस्तकातले अर्थशास्त्र दोन प्रश्न विचारते : किती आले आणि किती गेले? ख्रिस्ती विचार त्यात आणखी दोन प्रश्न घालतो : हे मुळात कोणाचे? आणि पुरे कुठे म्हणायचे? या शेवटच्या प्रश्नाबद्दल आज वाचकांशी बोलायचे आहे. वाचक कोणत्याही धर्माचा असो, महिनाअखेर सगळ्यांकडे सारखीच येते.

घरातला कारभारी

आपल्याकडे खेड्यांत बायका नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणतात. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे, मात्र तो धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या माणसासाठी येतो. कारभारी मालक नसतो. त्याच्या हाती किल्ल्या असतात, पण वाडा त्याचा नसतो. एक दिवस धनी विचारणार, हिशेब दाखव. ख्रिस्ती घरखर्चाचा पाया एवढाच आहे. पगार माझ्या कष्टाचा खरा, पण कष्ट करायला लागणारे हातपाय, बुद्धी, संधी हे सारे मला मिळालेले आहे. म्हणून मी मालक नाही, कारभारीण आहे.

हे एकदा मानले की हिशेब लिहिणे म्हणजे कंजूषपणा, हा गैरसमज आपोआप गळून पडतो. दुसऱ्याचे पैसे सांभाळणारा माणूस हिशेब लिहितोच. येशूच्या बोलण्यातली उदाहरणेही किती घरगुती आहेत! बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीतर पाया घालून काम अडले की लोक हसतील, असे तो सांगतो. आपल्या गल्लीतही स्लॅब पडून वर्षानुवर्षे तसेच उभे असलेले घर एखादे असतेच. पाच हजारांच्या जमावाला जेवू घातल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून तो गोळा करायला लावतो आणि बारा टोपल्या भरतात. ज्याने एवढ्यांना पोटभर घातले, त्याला तुकड्यांची काय पर्वा, असे आपल्याला वाटेल. पण उदारपणा आणि काटकसर या सख्ख्या बहिणी आहेत, हेच त्या टोपल्या सांगतात. त्याआधीच्या काळातली योसेफाची गोष्टही तशीच. मिसरात सात वर्षे पीक उदंड आले, तेव्हा त्याने पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला आणि पुढच्या सात दुष्काळी वर्षांत देश जगवला.

अठ्ठावीस पौंडांचा माणूस

‘पुरे’ची रेघ कशी मारावी, हे प्रत्यक्ष जगून दाखवणारा एक माणूस अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव जॉन वेस्ली. मेथॉडिस्ट चळवळ त्याच्यापासून सुरू झाली. बेळगावशी तिचे नाते जुने आहे. १८२० साली इथे लंडन मिशनचे काम सुरू झाले आणि १९०४ साली ते अमेरिकन मेथॉडिस्टांकडे आले. म्हणजे आमच्या मंडळीच्या घरांत वेस्लीचे नाव शंभराहून अधिक वर्षे घेतले जात आहे.

वेस्लीला पैशाची किंमत पुस्तकातून कळली नव्हती. १७०३ साली त्याचा जन्म झाला. वडील धर्मगुरू, घरात मुलांचे लेंढार, उत्पन्न तुटपुंजे. १७०५ साली कर्ज फेडता आले नाही म्हणून वडिलांना लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जावे लागले. जॉन तेव्हा दोन वर्षांचा होता. आई सुसाना हिने ते घर कसे चालवले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या बायकांना लगेच येईल.

पुढे ऑक्सफर्डला शिकवू लागल्यावर त्याने एक पद्धत धरली. आपल्या एका प्रवचनात तो ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकीकत सांगतो. हा तरुण तो स्वतःच होता असे मानतात. पहिल्या वर्षी उत्पन्न ३० पौंड. २८ पौंडांत गुजराण केली, २ दान केले. दुसऱ्या वर्षी उत्पन्न दुप्पट, ६० पौंड. राहणी तीच, २८ पौंडांची. ३२ पौंड गरिबांना. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० मिळाले, ९२ दिले. उत्पन्नाचा आकडा चौपट झाला, पण २८ हा आकडा हलला नाही.

अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला यातला हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. आपण सारे उत्पन्नाकडे पाहून राहणी ठरवतो. त्याने गरजेकडे पाहून राहणी ठरवली आणि उत्पन्नाला आपल्या वाटेने जाऊ दिले. पुढे पुस्तकांच्या विक्रीतून त्याच्याकडे बराच पैसा आला, तरी ही सवय सुटली नाही. १७७६ साली सरकारच्या कर खात्याने त्याला विचारले, तुमच्याकडे चांदीची भांडी किती? त्याने कळवले, लंडनला दोन चमचे आणि ब्रिस्टलला दोन चमचे. भोवतालच्या इतक्या लोकांना भाकरी मिळत नसताना आणखी घेण्याचा विचार नाही, असेही त्याने त्यात लिहिले.

मिळवा, वाचवा, द्या

१७६० साली त्याचे पैशाच्या उपयोगावरचे प्रवचन छापून निघाले. त्याचे सार तीन शब्दांत सांगतात : मिळवा, वाचवा, द्या. हे तीन शब्द भिंतीवर लिहायला सोपे आहेत, पण प्रत्येकाला त्याने अटी घातल्या आहेत. मिळवा, पण स्वतःची प्रकृती खर्ची घालून नाही आणि शेजाऱ्याचे नुकसान करून तर नाहीच. गरजवंताच्या वस्तू गहाण ठेवून घेऊन गब्बर होणे, दारू विकणे, शेजारच्या दुकानदाराला बुडवण्यासाठी भाव पाडणे, हे मिळवणे नव्हे. वाचवा म्हणजे साठवून ठेवा असेही नाही. वाचवणे म्हणजे हौस, दिखावा आणि लोक काय म्हणतील यासाठी पैसा न उधळणे. आणि तिसरे, द्या. देणे नसेल तर पहिली दोन कामे अर्धवटच राहिली.

देण्याचा क्रमही त्याने लावून दिला. आधी स्वतःचे अन्नवस्त्र, मग बायको, मुले, नोकरचाकर, घरात आसऱ्याला असलेले लोक. त्यातून उरले तर आपल्या मंडळीतले गरजू, आणि त्यातूनही उरले तर सगळीच माणसे, कोणत्याही धर्माची. घरच्यांना उपाशी ठेवून दान करा, असे तो कुठेही सांगत नाही.

हा क्रम आजही सांगावा लागतो. मंदिराला वाहिले आहे असे म्हणून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने चारचौघांत सुनावले होते. म्हणजे म्हाताऱ्या आईची रक्तदाबाची गोळी आधी, वर्गणीची थाळी नंतर. विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट आपण ऐकतो. तिने आपल्या गरिबीतून दिले म्हणून तिचे मोल मोठे. पण त्याच जागी, तिच्या अगदी आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या धर्मपंडितांना येशूने खडसावले आहे, हे आपण विसरतो. गरिबाने मनाने दिले तर ते थोर आहे. पण गरिबाकडून दबावाने घेणे पाप आहे. पाळक असोत की पंचकमिटी, दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत.

उलट बाजूही आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना रेव्हरंड टिळकांचा सढळ हात ठाऊक आहे. माणूस देवाचा, मन आभाळाएवढे, पण पैशाच्या हिशेबाशी त्यांचे जमले नाही. त्या उदारपणाचा भार कोणी वाहिला, हे त्या पुस्तकाच्या पानापानांवर दिसते. हसत हसत सांगितले म्हणून तो भार हलका होत नाही. हिशेबाशिवायचे दान बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या ताटातून जाते. म्हणून दान किती, हे नवरा-बायकोने दोघांनी बसून ठरवावे आणि ते जमाखर्चाच्या वहीत ठरलेल्या ओळीवर असावे.

ते ओळीवर असले की देणे अवघड राहत नाही. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून एक रीत चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरातली बाई एक मूठ आधी बाजूला काढते आणि ते तांदूळ मंडळीच्या कामासाठी जातात. आपल्याकडेही शाळांसाठी, वसतिगृहांसाठी मुष्टिफंड गोळा होत असे, ते जुन्या लोकांना आठवत असेल. यातली खुबी मुठीच्या आकारात नाही. ती मूठ जेवण उरल्यावर नव्हे, तर चूल पेटण्याआधी काढली जाते, यात आहे.

एक नमुना

आता आकड्यांकडे येऊ. समजा, नवरा उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे, बायको घरी शिवणकाम करते आणि दोघांचे मिळून महिन्याला २४ हजार रुपये येतात. घरात दोन मुले आणि सासूबाई. एक नमुना असा होईल : देणे १,२००, घरभाडे, वीज, पाणी, गॅस ६,५००, वाणसामान, भाजी, दूध ८,०००, शाळा २,५००, सासूबाईंचे औषधपाणी १,५००, फोन, पेट्रोल, बसभाडे १,८००, सणवार आणि आहेर १,०००, अडीअडचणीसाठी शिल्लक १,५००. बेरीज बरोबर २४ हजार.

प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील. पण तीन गोष्टी पाहा. देणे पहिल्या ओळीवर आहे. सणाचा पैसा दर महिन्याला बाजूला पडतो आहे, त्यामुळे नाताळच्या करंज्या आणि मुलांचे नवे कपडे डिसेंबरात उधारीवर येत नाहीत. ऋण काढून सण करू नये हे आपल्याला पाठ आहे. त्यावर हाच एक उपाय आहे. आणि तिसरी गोष्ट, शिल्लक ही उरली तर नव्हे, ठरवून टाकलेली आहे.

आता समजा, वर्षाने उत्पन्न २८ हजार झाले. इथे ‘पुरे’ची रेघ कामाला येते. देणे आणि शिल्लक सोडून या घराचा खर्च २१,३०० होता. महागाई धरून तो २२,३०० करू. उरले ५,७००. त्यातले देणे १,२०० वरून २,४०० केले तरी शिल्लक १,५०० वरून ३,३०० वर जाते. उत्पन्न एकषष्ठांशाने वाढले, पण देणे दुप्पट झाले आणि शिल्लक दुपटीहून जास्त. रेघ मारली नसती तर हे चार हजार नव्या फोनच्या हप्त्यात कधी विरघळले, ते कळलेही नसते.

वेस्लीसारखी आयुष्यभर एकच रेघ ठेवणे संसारी माणसाला जमणार नाही. मुले मोठी होतात, आजारपणे येतात. रेघ पुढे सरकवावी लागेल. पण ती आपण बसून सरकवावी; जाहिरातीने, शेजाऱ्याच्या गाडीने किंवा भावकीतल्या लग्नाने सरकवू नये. पूर्वी पाकिटातली नोट काढताना हात क्षणभर थांबायचा. आता फोनवरून पैसे जाताना तो क्षणही उरला नाही. म्हणून रात्री दोन मिनिटे काढून दिवसाचा खर्च वहीत लिहिणे पूर्वीपेक्षा आज जास्त गरजेचे आहे.

कर्जाची गोष्ट

कर्ज असलेल्या घराने काय करावे? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रीतीखेरीज कोणाचे काही देणे ठेवू नये असा उपदेश आहे. कर्ज म्हणजे आपल्याकडे असलेला दुसऱ्याचा पैसा. कारभाऱ्याच्या हिशेबात तो आधी फिटला पाहिजे. अशा घराने तोवर दान नाममात्र ठेवले तरी त्यात कमीपणा नाही.

हे सांगताना मनात आपल्या भागातल्या बायका आहेत. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे, आणि मग दारात वसुलीवाले. २०२५ च्या फेब्रुवारीत जबरदस्तीच्या वसुलीला आळा घालण्यासाठी कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला, यावरून दुखणे किती खोल गेले होते ते समजते. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या कर्जहप्त्यांना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मर्यादा घातली : सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. पण वरच्या नमुन्यातल्या घराला हे लावून पाहा. २४ हजारांतले १२ हजार हप्त्यात गेले, भाडे-विजेचे ६,५०० गेले, तर उरतात ५,५००. नुसत्या धान्य, भाजी, दुधालाच ८,००० लागतात. कायद्याची रेघ आणि चुलीची रेघ एक नसते. सावकाराची परवानगी म्हणजे आपली ऐपत नव्हे.

मग गरजेला जायचे कुठे? याचेही उत्तर ख्रिस्ती इतिहासात आहे. वेस्लीने १७४६ साली लंडनमध्ये वर्गणी काढून एक छोटी गंगाजळी उभी केली. गरीब कारागिरांना त्यातून लहान रकमा बिनव्याजी मिळत आणि त्या तीन महिन्यांत फेडायच्या असत. पुढच्या शतकात जर्मनीत फ्रीडरिख राइफायझेन हा श्रद्धाळू गृहस्थ गावप्रमुख होता. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने गावासाठी भाकरीची सोय केली. पण श्रीमंतांच्या दानावर गरीब कायमचा उभा राहत नाही, हे त्याला अनुभवाने कळले. म्हणून १८६४ साली हेडेसडोर्फ इथे त्याने कर्ज घेणाऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यावी अशी पतपेढी काढली. तीच कल्पना फ्रेडरिक निकल्सन यांच्या अहवालातून आपल्या देशात आली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ साली आपल्या शेजारच्या गदग भागातल्या कणगिनहाळ गावी सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने पतसंस्था उभी राहिली. भारतातल्या अगदी पहिल्या पतसंस्थांत तिचे नाव घेतात.

जर्मनीतल्या त्या भाविक माणसाचा विचार लिंगायत पाटलाच्या गावात रुजला, आणि आज मराठा, जैन, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच आपापल्या सोसायटीत, पतसंस्थेत, भिशीत तेच करत आहेत. ओळखीच्या दहा घरांनी महिन्याला शंभर-दोनशे रुपये जमवून, लेखी हिशेब ठेवून, अडल्या घराला आधी द्यावे, एवढे कोणत्याही गल्लीला जमेल. मंडळ्यांनी तर ते करायलाच हवे. कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये शेतातून आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या दसपट किमतीला जातो आणि सगळे हसतात. त्या जमलेल्या पैशातला थोडा हिस्सा सावकाराच्या तावडीतल्या एखाद्या घरासाठी गेला, तर त्या भोपळ्याचे मोल आणखी वाढेल.

येत्या एक तारखेला तीन कामे करून पाहावीत. दोनशे पानी एक वही घ्यावी. मुले जाणती असतील तर त्यांनाही जवळ बसवावे. घरात किती येते हे मुलांना कळले की हट्ट कमी होतात, असा अनेक घरांचा अनुभव आहे. सगळ्यांनी मिळून खर्चाचा एक आकडा ठरवावा आणि त्याखाली रेघ मारावी. त्या रेघेपलीकडचा रुपया आला की तो कुठे जायचा, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे : थोडा उद्यासाठी, थोडा दुसऱ्यासाठी.

१७९० च्या जुलैत, सत्याऐंशी वर्षांचा असताना, वेस्लीने आपल्या हिशेबाच्या वहीत लिहिले की आता यापुढे हिशेब नीट ठेवायचा खटाटोप करणार नाही. जेवढे वाचवता येते तेवढे वाचवतो आणि जेवढे देता येते तेवढे देतो, याचे समाधान त्याला पुरेसे होते. पुढच्या वर्षी तो गेला. त्याने वही मिटली ती एवढी वर्षे ती उघडी ठेवल्यावर. आपली तर अजून उघडायची आहे.